पँटचा नंबर तोच, कंबर मात्र वाढलेली

पत्र :

ताई, माझं वय 46. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी पतसंस्थेत कॅशियर आहे. उंची पाच फूट सात इंच, वजन 66 किलो. सहा महिन्यांपूर्वी संस्थेनं सगळ्यांची तपासणी करून घेतली. माझा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, मेटाबॉलिक सिंड्रोम आहे. बीपी 136/88, उपाशीपोटीची साखर 108, ट्रायग्लिसराइड 212, एचडीएल 34, कंबर 94 सेंटिमीटर. मला काही पटलं नाही. माझ्या पँटचा नंबर पंधरा वर्षं 34 आहे, मला कोणी जाड म्हणत नाही. तरी तेव्हापासून रोज पहाटे मित्रांबरोबर अर्धा तास चालतो. वजन अर्धा किलोनं उतरलं, बस. मग चालून उपयोग काय? जिमला जायला वेळ नाही आणि या वयात संकोचही वाटतो. वडिलांना शुगर होती, 57व्या वर्षी हार्ट अटॅकनं गेले. रात्री अंथरुणावर पडलं की तेच डोळ्यांसमोर येतं. पुन्हा रक्त तपासायची हिंमत होत नाही. बायको म्हणते, मी दिवसभर घरात राबते, मला चालायची गरज नाही. मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याचंही पोट सुटलंय. काय करू?

उत्तर :

नमस्कार. पत्र दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा पँटच्या नंबरापाशी थांबले. आधी तेच बोलू.

घरात शिंप्याची टेप असेल. उद्या सकाळी काही खाण्याआधी शर्ट काढून आरशासमोर उभे राहा. बरगडीचं सगळ्यात खालचं टोक बोटानं चाचपा, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ. या दोन्हींच्या बरोबर मधे टेप आडवी गुंडाळा. पोट आत ओढू नका, श्वास सहज सोडा आणि आकडा वाचा. बहुतेक 37 इंचांच्या आसपास येईल, म्हणजे डॉक्टरांचे ते 94 सेंटिमीटर. आता पँट घाला आणि पट्टा कुठं बसतो ते बघा. पंधरा वर्षांपूर्वी तो बेंबीजवळ बसत असेल, आज पोटाच्या खाली उतरला असेल. नंबर तोच राहिला, कारण पँट खाली सरकली. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी पुरुषांचं असंच झालेलं असतं, आणि टेप लावेपर्यंत त्यांना ते खरं वाटत नाही.

भारतीय पुरुषासाठी धोक्याची रेघ 90 सेंटिमीटरवर आहे, बाईसाठी 80 वर. कंबर, बीपी, उपाशीपोटीची साखर, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) या पाचांपैकी कुठल्याही तीन गोष्टी रेघ ओलांडून गेल्या की त्या एकत्र प्रकाराला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. बीपीची रेघ 130/85, साखरेची 100, ट्रायग्लिसराइडची 150. एचडीएल पुरुषात 40 च्या खाली नको. तुमचे पाचही बाहेर आहेत. हे घाबरवायला लिहीत नाही. तुमचा एकेक आकडा सुटा पाहिला तर थोडासाच पुढे गेलेला दिसतो, आणि त्यामुळेच "थोडंसंच तर आहे" असं म्हणून माणूस वर्षानुवर्षं काढतो. बीपी, साखर, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल यांच्या या तक्रारी सुटे आजार नसून एकाच बिघाडाची टोकं आहेत, असं 1988 मध्ये अमेरिकेतल्या जेराल्ड रीव्हन यांनी मांडलं. इन्शुलिन असतं, पण शरीर त्याचं ऐकेनासं होतं, हा तो बिघाड.

आता "जाड नाही, तरी कसं?" याबद्दल. याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला एक फोटो 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघंही सडपातळ, आणि उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, तो बीएमआय दोघांचाही 22.3. मग शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांची 9.1 टक्के निघाली, याज्ञिक यांची 21.2. काट्यावर सारखे दिसणारे दोन पुरुष, पण आपल्या माणसाच्या अंगात दुपटीहून जास्त चरबी आणि त्या मानानं स्नायू कमी. तुमचा बीएमआय मी काढला, 22.8 येतो. वजनकाटा तुम्हाला शाबासकी देतो आणि टेप खरं सांगते, ते यामुळं. आपल्याकडे ही चरबी हातापायांवर फारशी दिसत नाही. ती पोटाच्या आत, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते. यकृतात चरबी भरली की तिथून ट्रायग्लिसराइड रक्तात जास्त सुटतं, आणि उपाशीपोटीची साखरही वर राहते.

म्हणून तुमचं सहा महिन्यांचं चालणं वजनकाट्यावर तोलू नका. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांनी एक अभ्यास केला, 2006 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 531 जण होते, सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे. एका गटाला फक्त नेहमीचा सल्ला दिला. तीन वर्षांत त्यातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला. दुसऱ्या गटाला रोज अर्धा तास झपझप चालायला आणि जेवणात बदल करायला लावलं. तिथं प्रमाण 39 टक्क्यांवर आलं. मला यातली सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं. काटा हलला नाही, तरी आजार लांबला.

असं का होतं, हे एकदा नीट समजून घेतलंत तर पुढचं सगळं सोपं वाटेल. जेवणातली साखर रक्तात येते आणि तिचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक म्हणजे तुमचे स्नायू, त्यातही मांड्या, कुल्ले आणि पाठीचे मोठे स्नायू. एरवी साखरेला स्नायूत शिरायला इन्शुलिननं दार उघडावं लागतं. तुमच्याकडे नेमकं हेच दार जाम झालंय. पण स्नायू स्वतः काम करायला लागला की तो साखरेसाठी दुसरं दार उघडतो, इन्शुलिनची वाट न बघता. शिवाय काम थांबल्यावरही तो पुढचे 24 ते 48 तास इन्शुलिनचं जास्त ऐकतो. मग परिणाम ओसरतो. म्हणून रविवारी दोन तास डोंगर चढून आठवडाभर बसून राहण्यापेक्षा रोज थोडं बरं, आणि लागोपाठ दोन दिवस खाडा नको. पाऊस असेल, लग्नसराई असेल, मार्चअखेर असेल, तरीही.

तेव्हा तुमचे सहा महिने फुकट गेले, असं मी अजिबात म्हणणार नाही. तुम्ही सबब न सांगता सहा महिने पहाटे उठलात, ही मोठी गोष्ट आहे. पण चालता कसं, हे पत्रात नाही. मित्रांबरोबर पहाटेचं चालणं म्हणजे राजकारण, ऊसदर आणि कोणाच्या मुलाचं कुठं जमलं, हे मला माहीत आहे. मित्र सोडू नका, त्यांच्यामुळंच तुम्ही रोज उठता. फक्त मधली वीस मिनिटं वेग वाढवा. ओळख अशी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मोजायचंच असेल तर पंधरा सेकंदांत पंचवीस पावलं, म्हणजे मिनिटाला शंभर. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं असा व्यायाम सांगते, 300 पर्यंत गेलं तर आणखी फायदा. तुमची पहाटेची ही वीस मिनिटं रोज खरंच झपझप झाली तर आठवड्याला 140 होतात, म्हणजे 150 चा हिशेब जवळजवळ तिथंच पुरा होतो. आणि कोणी म्हणालं की दहा हजार पावलं झालीच पाहिजेत, तर मनावर घेऊ नका. तो आकडा 1965 च्या सुमाराला जपानमधल्या एका पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून आला, दवाखान्यातून नाही.

चालून झाल्यावर गाड्यावर काय होतं, तेही तुम्ही लिहिलेलं नाही. गोड चहा आणि दोन कटवडे होत असतील तर वडे आठवड्यातून एकदा ठेवा आणि चहातली साखर अर्धी करा. जेवणाबद्दल आज एवढंच बोलते.

आता दिवसाचे उरलेले तास. सकाळी दहा ते साडेपाच तुम्ही काउंटरच्या मागं बसता. पहाटे अर्धा तास चाललेला माणूस पुढं सात तास हललाच नाही, तर मांड्यांचे स्नायू तेवढा वेळ बंद पडलेल्या कारखान्यासारखे असतात. लंडनच्या डबलडेकर बसवरचा जेरेमी मॉरिस यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे, 1953 सालचा. दिवसभर बसून बस चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरना हृदयविकार कमी होत होता. गाडी तीच, फरक हालचालीचा. तुम्हाला कॅश सोडून हिंडता येत नाही, हे मला समजतं. पण अर्ध्या तासातून एकदा उभं राहून नोटांची पाच-सहा बंडलं उभ्यानं मोजता येतात. पाण्याची बाटली टेबलावर न ठेवता माठापर्यंत जाता येतं. शिपायाला हाक मारण्याऐवजी फाइल स्वतः नेऊन देता येते. दुपारी डबा खाल्ल्यावर लगेच खुर्चीत टेकण्याआधी संस्थेच्या आवारात दहा मिनिटं. यातलं काहीच व्यायाम म्हणून दिसणार नाही, आणि त्याची गरजही नाही.

पण तुमच्या सगळ्या दिवसातली एकच गोष्ट बदलायची मुभा मला दिली, तर मी रात्रीची निवडेन.

आपल्या घराघरांत एक शब्द होता, शतपावली. आजी-आजोबा जेवून उठले की अंगणात, ओट्यावर, जागा नसेल तर माजघरातल्या माजघरात येरझाऱ्या घालायचे. टीव्ही आला, मग मोबाइल, आणि शतपावली लोकांनी म्हाताऱ्यांची सवय म्हणून बाजूला सारली. न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिन इथल्या ओटागो विद्यापीठात नेमकं हेच तपासलं गेलं, 2016 मध्ये ते प्रसिद्ध झालं. मधुमेह असलेल्या 41 लोकांना काही दिवस "रोज अर्धा तास केव्हाही चाला" असं सांगितलं आणि काही दिवस "प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चाला" असं. एकूण वेळ सारखाच. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणानंतरची साखर 12 टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर 22 टक्क्यांनी. कारण उघड आहे. रात्रीचं जेवण बहुतेकांचं सगळ्यात जड, आणि त्यानंतर माणूस पलंगावर. भाताची साखर रक्तात चढत असते, त्याच वेळी तिचं गिऱ्हाईक झोपायला जातं.

तर रात्री ताट उचललं की हात पुसून चपला घाला. शंभर पावलांवर थांबू नका, दहा ते पंधरा मिनिटं चाला. वेग पहाटेइतका नको, पोट भरलेलं असतं. गल्लीत कुत्री असतील, लाइट गेली असेल तर गच्चीवर. पहाटेचं चालणं चालूच ठेवा, हे त्याशिवायचं आहे. अंथरुणावर पडल्यावर वडील डोळ्यांसमोर येतात असं लिहिलंत, त्यालाही या फेरीचा उपयोग होईल असं मला मनापासून वाटतं. जेवून थेट अंधारात छताकडं बघत पडणं आणि चालून, चार माणसांशी बोलून येऊन पडणं, यात फरक पडतो.

जिमचा संकोच वाटतो म्हणालात. नका जाऊ. पण ताकदीचा व्यायाम सोडता येणार नाही, आठवड्यातून किमान दोन दिवस तो हवाच. तुमच्यासारख्या बारीक हातापायांच्या माणसाला तर चालण्याइतकीच त्याची गरज आहे, कारण साखर ठेवायची कोठारंच मुळात लहान आहेत. तुमचा भाग तालमींचा आहे. जोर-बैठका हे शब्द तुम्हाला शिकवायला नकोत. फक्त पैलवानासारख्या शंभर बैठका पहिल्याच दिवशी मारायला जाल आणि गुडघे धरून बसाल, म्हणून सुरुवात सांगते.

बिनहाताची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पुढच्या काठाशी बसा, दोन पावलांत खांद्यांइतकं अंतर, दोन्ही हात छातीवर आडवे. हातांचा आधार न घेता उठा. उठताना श्वास सोडा. मग बसताना मनात एक, दोन, तीन, चार मोजत सावकाश खाली या. धप्पकन बसायचं नाही. खरी कमाई या खाली येण्यातच आहे. तिसऱ्या-चौथ्या वेळी मांड्या थरथरायला लागतील, ते चांगलं लक्षण आहे. गुडघ्यात कळ आली तर मात्र खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. अशा आठ-दहा बैठका, दोन मिनिटं विसावा, असं तीनदा. पंधरा दिवसांनी सोपं वाटायला लागलं की मुलाच्या पुस्तकांचं दप्तर छातीशी धरा. जोरसुद्धा जमिनीवर नकोत. आधी भिंतीला हात टेकून, महिनाभरानं स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, मग जमेल तेव्हा जमीन. दात घासताना टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, वीस वेळा. सगळं मिळून वीस मिनिटं, एक दिवसाआड. जोर करताना दम कोंडून धरायचा नाही, हे तुमच्या बीपीसाठी फार महत्त्वाचं आहे. श्वास अडवून जोर लावला की बीपी एकदम चढतं.

सूर्यनमस्कार येत असतील तर तेही चालतील, फक्त ते सावकाश आणि पूर्ण करा.

आता काळजीची गोष्ट. वडील 57व्या वर्षी हृदयविकारानं गेले, तेव्हा वेग वाढवण्याआधी आणि बैठका सुरू करण्याआधी तुमच्या डॉक्टरांना एकदा हे स्पष्ट सांगा. ते ईसीजी किंवा आणखी काही तपासणी सांगतील तर टाळू नका. चालताना छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढं अंधारी, यातलं काहीही झालं तर तिथंच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा. "गॅस असेल" म्हणत घरी जाऊन पडू नका. बीपीची गोळी सुरू केली असेल तर चालायला लागलो म्हणून ती स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. पुढं कधी साखरेसाठी इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी सुरू झाली, तर व्यायामाची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि रक्त तपासून घ्या. उद्या-परवाच. सहा महिने चालल्यावर काय बदललं, हे तुम्ही एका काट्याला विचारलंत आणि त्यानं नाही म्हटलं. ट्रायग्लिसराइडला विचारलंच नाही. चालण्याला ते चांगलं आणि लवकर जुमानतं, जेवणानंतरची साखरही. बीपी काही आठवड्यांत थोडं खाली येतं. एचडीएल मात्र हट्टी असतं, ते हलायला वेळ लागतो, तेवढ्यावरून नाराज होऊ नका. सोबत एचबीएवनसी करा, म्हणजे साखरेची तीन महिन्यांची सरासरी कळेल; 5.7 ते 6.4 म्हणजे उंबरठा. आकडे चांगले आले तर हुरूप येईल. नाही आले तरी 46व्या वर्षी कळतंय. तुमच्या वडिलांना त्यांचे आकडे या वयात कोणी दाखवले होते का, याचा विचार करा. तुम्ही त्यांच्याच वाटेवर आहात असं तुम्हाला वाटतंय, पण त्यांच्या हातात हा कागद नव्हता.

मुलाबद्दल. त्याच्या पोटावरून घरात एक शब्दही बोलू नका, चेष्टेतसुद्धा नाही. सोळाव्या वर्षी ते लागतं आणि मुलं उलट कोपऱ्यात जाऊन बसतात. त्याच्या वयाला रोज तासभर दमणूक हवी. क्लासला गाडीवर सोडत असाल तर सायकल द्या, संध्याकाळचा खेळाचा तास क्लाससाठी कापला असेल तर तो परत मिळवून द्या. बैठका मोजायला त्याला बोलवा. चार दिवसांनी तो तुमच्यापेक्षा जास्त मारून दाखवेल, आणि तेच हवंय.

वहिनींचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. लादी पुसणं, पाणी भरणं, कपडे पिळणं यात स्नायू राबतात, आणि त्याची मोजदाद घरात कोणी करत नाही. पण आता बऱ्याच घरात मिक्सर आहे, मशीन आहे, आणि ओट्यापाशी तासन् तास उभं राहणं म्हणजे थकवा खरा, तरी दम लागण्याइतकी हालचाल नाही. शिवाय तपासणी संस्थेनं तुमची केली, त्यांची कोणी केली? टेप हातात आहेच, त्यांचीही कंबर मोजा. 80 सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच. त्याच्या वर असेल तर बीपी आणि रक्ताची तपासणी दोघांची एकाच दिवशी. रात्रीची भांडी फेरीवरून आल्यावर तुम्ही आणि मुलानं मिळून घासा, म्हणजे त्याही जेवल्यावर लगेच चपला घालून मोकळ्या होतील आणि शतपावलीला तुमच्याबरोबर येतील.

नवे रिपोर्ट आले की पाठवा. जुने माझ्याकडे आहेत, शेजारी ठेवून बघते.